मी शब्दबंबाळ झालो!

भाषण करावं तर मीच! शनिवार पेठेत माझ्याइतकी पल्लेदार वाक्यं कुणाला जमत नाहीत आणि जमत असतील, तर ते गृहस्थ अजून पुढे आलेले नाहीत. त्यामुळे आमच्या लेकीच्या, तनुजाच्या साखरपुड्यात स्वागताचं भाषण मी करणार, हे मी स्वतःच ठरवलं.

'उभय कुलांच्या स्नेहसरितांचा हा मंगलमय, सुवर्णांकित संगम' इथून मी जो सुटलो, तो आचारी दोनदा डोकावून गेला तरी थांबलो नाही. मुलाचे वडील सर्जेराव पुण्यात नव्यानं सामील झालेल्या गावातले, मोजकं बोलणारे. माझ्यानंतर ते उठले आणि पानं वाढलीत, जेवून घ्या, एवढंच म्हणाले. टाळ्या मात्र त्यांना जास्त पडल्या. का, ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर बायकोला, कल्याणीला, विचारलं, भाषण कसं झालं?

"शब्दबंबाळ," एवढं म्हणून ती साड्यांच्या घड्या घालायला गेली.

मी हरखलो! शब्दांनी ओथंबलेलं, न्हाऊन निघालेलं, असंच काहीतरी असणार. इतक्या वर्षांत तिच्याकडून पहिल्यांदाच कौतुक! ते एकट्याला पचेना, म्हणून सर्जेरावांना फोन लावला. ते स्वारगेटच्या कोंडीत अडकले होते आणि मागे हॉर्न नुसते कोकलत होते.

"सर्जेराव, मी आज पार शब्दबंबाळ झालो!"

"बंबाळ? कुनामुळं?"

मी विनयानं म्हणालो, "सगळं कल्याणीमुळे. तिनं अगदी तोंडावर दिली मला. पावती हो!"

शेवटचं वाक्य बहुतेक हॉर्ननं खाल्लं आणि फोन कट झाला.

थोड्या वेळानं तनुजा रडवेली होऊन बाहेर आली. तिच्या रविराजचा फोन होता. लग्नाचा फेरविचार करावा लागेल, असं त्याचे वडील म्हणत होते.

"बाबा, आईनं तुम्हाला मारलं?"

"अजून नाही," आतून कल्याणी म्हणाली.

मला काहीच कळेना. कोण कुणाला मारतंय? लग्न का मोडतंय? पोरीकडे बघवत नव्हतं आणि माझं काय चुकलं, तेही सापडत नव्हतं. तेवढ्यात हातात पट्टीचं भेंडोळं घेऊन सर्जेरावच दारात!

"कुठं लागलंय, पाव्हणं? रक्तबंबाळ झालो म्हनला न्हवं?"

"अहो, शब्दबंबाळ!"

"म्हंजी?"

मी कल्याणीकडे पाहिलं. आता मलाही जाणून घ्यायचं होतं.

"शब्द भळाभळा वाहतात आणि अर्थ सापडत नाही, त्याला म्हणतात," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला. सर्जेराव आधी माझ्याकडे, मग कल्याणीकडे बघत राहिले आणि एकदम हसत सुटले. तनुजानं घाबरत विचारलं, "मग लग्न?"

"हाय की! ठरल्यालं हाय ते."

पोरीचा जीव भांड्यात पडला आणि मला भरून आलं. मी उठलो, घसा साफ केला. "सर्जेराव, आपल्या औदार्याच्या या अमृतमय, चिरस्मरणीय, ऋणानुबंधांकित..."

सर्जेरावांनी पट्टी शांतपणे कल्याणीच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ द्या, ताई. लग्नात ह्यांच्या तोंडाला लागंल."

ती पट्टी कल्याणीनं पर्समध्ये ठेवली आहे.