किसनभाऊंचे दोन रॉड

आमच्या कामशेतात बाकीच्या दुकानदारांच्या दारात लिंबू-मिरची लटकते. माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या दारात मोटरसायकलचे दोन कनेक्टिंग रॉड लटकतात. ते शेजारच्या गॅरेजवाल्या किसनभाऊंचे. गॅरेजात ठोकाठोक फार, म्हणून रॉड ऐकायला ते माझ्याकडे येतात. होय, ऐकायला! आत बारीक चीर असली तर नाद बसका येतो. सुतळीला टांगलेल्या रॉडवर चाकाची तार हळूच मारायची, डोळे मिटायचे आणि नाद पुरता विरेपर्यंत श्वास रोखायचा. तेवढ्यात कोणी खोडरबर मागितलं, तर भाऊ एक डोळा उघडून असे बघतात की गिऱ्हाईक पेन्सिलही न घेता निघून जातं.

कनेक्टिंग रॉड म्हणजे इंजिनातला हात. पिस्टन वरखाली होतो, त्याचा जोर हा हात खालच्या क्रँकला पोचवतो आणि गाडी पळते. मला हे आता झोपेतही सांगता येतं, कारण भाऊंच्या शेजारी दुसरं काही कानावर पडतच नाही. कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न, "कंपनीची का बाहेरची?" चष्मा, छत्री, लग्नातली जिलबी, काहीही. मी नवी कवळी बसवली तेव्हाही हेच विचारलं.

"कंपनीचा रॉड म्हंजी संसारी माणूस, शेट," ते सांगतात. "अंगानं हलका, गुणाचा. रोज तळेगावला जाऊन यील, कुरकुर न्हाई. पण इंजिनाची ताकद वाढवून त्याला पळाय लावलं का मोडतो. बाहेरचा घडीव रॉड म्हंजी पैलवान. जड असतो, उचल जरा सुस्त घेतो. पण मोडायचा न्हाई."

शर्यतीची गाडी तयार करण्यात आमच्या भागात भाऊंचा हात धरणारा कोणी नाही. पोरं गाडी घेऊन येतात. भाऊ गाडीकडे बघतच नाहीत, पोराच्या उजव्या मनगटाकडे बघतात. तो ॲक्सिलरेटर कसा पिळतो ते पाहिलं की निकाल तयार. "ह्याला बाहेरचा. त्याला कंपनीचाच ऱ्हाऊ द्या, लय भित्रं हाय."

यंदा भातं निघाल्यावर मात्र या माणसाचं काहीतरी बिनसलं. सुदुंबऱ्याच्या माळावर मातीतली शर्यत होती. गाडी एकच होती आणि तिच्यात रॉड ठरेना. एक दिवस कंपनीचा बसवला, दुसऱ्या दिवशी इंजिन उघडून बाहेरचा. रॉड बदलायचा म्हणजे क्रँक सुटी करून पुन्हा दाबून घ्यायची, त्यासाठी नवलाख उंबऱ्याच्या लेथवाल्याकडे जायचं. तो शेवटी हात जोडून म्हणाला, "भाऊ, आता अंथरूण घिऊनच या हितं!" मग दोन्ही रॉड रुमालात गुंडाळून भाऊ सोनाराकडे वजनाला गेले. त्या तळपत्या पैलवानाकडे बघून एका बाईंनी विचारलं म्हणे, "घडणावळ किती लावली हो?"

चहा उभ्यानं, तोही अर्धा. स्टुलावर बसायचे, उठायचे, दारात जाऊन रॉड वाजवायचे, परत गॅरेजात. त्यांची ती येरझार बघून माझंच डोकं भणभणायला लागलं. एका दुपारी मी वैतागून ओरडलो, "अहो भाऊ, टाका की कुठलाही एक! गाडी आहे तरी कोणाची एवढी?"

"रेश्माची," भाऊ म्हणाले.

रेश्मा त्यांची एकुलती एक. कंपनीत कामाला जाते, आणि गाडी अशी चालवते की रस्त्यावरच्या कोंबड्या तिला आवाजावरून ओळखतात.

"कंपनीचा टाकला आन् तिनं ताणली, तर मोडंल," भाऊ तार हातात धरून सांगत होते. "मागलं चाक जागच्या जागी आवळंल. पोरगी फेकली जाईल. बाहेरचा टाकला तर मोडायचा न्हाई, मंग ती ताणायची थांबायचीच न्हाई. आता तुमी सांगा शेट, कुटला टाकू?"

मला सगळ्या गोष्टींवर मत असतं. त्या दिवशी मी फक्त चहा मागवला, तोही अख्खा.

निकाल रेश्मानंच लावला. कामावरून आली, बाकावरचे दोन्ही रॉड उचलून बघितले आणि बाहेरचा बापाच्या हातात ठेवला. "पप्पा, मी ताणणारच हाय. मोडणार न्हाई आसं तेवढं करून द्या." भाऊंनी करून दिलं.

शर्यतीला मला ओढून नेलं. सगळा माळ ट्रॅककडे तोंड करून उभा, आणि भाऊ एकटे गाडी आणलेल्या टेम्पोकडे तोंड, ट्रॅककडे पाठ करून. माळाच्या पलीकडे मुरमाचा मोठा ढीग होता. प्रत्येक फेरीत गाड्या त्याच्या मागं जायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या.

"तिसरी आहे, भाऊ!" मी ओरडलो. "आता दुसरी!"

"नंबर नका सांगू," ते म्हणाले. "दिसती का, तेवढं सांगा."

मग मी तेवढंच सांगत राहिलो. गेली. दिसत नाही. नाही अजून. दिसली, दिसली! तिकडे शर्यत संपली, शिट्ट्या वाजल्या, लोक ट्रॅकवर धावले, धुळीत काही कळेना. भाऊंनी टेम्पोचा कठडा घट्ट धरला होता.

"शेट, दिसती का?"

रेश्मा भाऊंच्या पाठीमागे येऊन उभी होती. हेल्मेट काखेत, तोंडभर माती, ओठ दाबून धरलेले.

"दिसते," मी म्हणालो. "मागं वळा."

ते लगेच वळले नाहीत. आधी खिशातलं फडकं काढून तोंड पुसलं, मग वळले.