दामूकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या दामूकाकांना देवापुढचं गाऱ्हाणंसुद्धा शास्त्रशुद्ध लागतं.

आतड्याच्या कॅन्सरवर संशोधन करण्यात त्यांनी मुंबईत जन्म घालवला. निवृत्त होऊन गावी आमच्या शेजारी राहायला आले आणि आमच्या डोक्याला ताप झाला. दारावर कोळीण आली की, बांगडो ताजो म्हणजे नेमको कधीचो, इथून सुरुवात. मग मूळ विषय. औषधानं गाठ मरते, पण तिच्यातल्या मूठभर पेशी मूळपेशींसारख्या वागतात, निपचित पडून राहतात. त्यांच्यातलं वाढीचा हुकूम देणारं रेणूंचं बटण चालूच असतं, आणि सगळं परत उगवतं. "करवंदीची जाळी वरसून तोडली म्हणान मरता काय गो?" ती बिचारी एक बांगडा वर घालून सुटका करून घेते.

गेल्या वर्षी हाच आजार काकींना झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली. काका इतर सगळ्यावर बोलत, फक्त तो विषय बंद. खरं सांगतो, ती बडबड मला हवीशी वाटायला लागली.

पुढच्या तपासणीसाठी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी दोघं देवळात आली. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. जन्माचे नास्तिक काका नारळ घेऊन उभे राहिलेले बघून मी मुकाट्यानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, हिच्या आंगात वाकडातिकडा काय आसात ता बाजूक कर."

"होय म्हाराजा" अशी साथ द्यायला देवळात जमलेली मंडळी तोंड उघडणार, तोच काकांनी हात वर केला. बाजूक नको म्हणाले. बाजूला सरकलेली पेशी यकृतात जाऊन बसते. मग 'मुळासकट काढ' असं ठरलं. पाठोपाठ निजलेल्या पेशी आल्या, बटणही आलं. नैवेद्य निवून गेला. मी सांगतील ते म्हणत होतो, मंडळी इमानानं होकार देत होती.

आणखी काय घालू, असं मी शेवटी विचारलं. काका माझ्याकडे न बघता थेट देवालाच म्हणाले, "म्हाराजा, न्हेवचाच आसात तर हिच्या आदी माका न्हे."

सवयीनं सगळ्यांची तोंडं उघडली होती, पण आवाज कोणाचाच निघाला नाही.

काकींनी काकांचा हात धरला.

"नाय म्हाराजा," त्या म्हणाल्या.