तक्रार करायची, पण सभ्यपणे

हॉटेलात एवढी माणसं गेल्या वर्षभरात कधी आली नव्हती, आणि आली ती सगळी तक्रार करायलाच आली होती. सातवीचा अख्खा वर्ग, दप्तरांसकट. हॉटेलवाला मात्र हवेत होता. टेबलं त्याने दोनदा पुसली, खुर्च्या कमी पडतील म्हणून वरच्या घरातल्या खाली आणल्या आणि दार सताड उघडं ठेवलं.

झालं होतं असं, की शाळेने सातवीला फ्रेंचची उद्दिष्टं ठरवून दिली होती. आपली ओळख करून देणे, रस्ता विचारणे, दुकानात खरेदी करणे, हे सगळं पार पडलं होतं. शेवटचं उरलं होतं : हॉटेलात सभ्यपणे तक्रार करणे. "आता ही काय वर्गात बसून करायची?" असं बाई पालकसभेत म्हणाल्या आणि हॉटेलवाल्याने हात वर केला. "माझ्याकडे या ना! खाणं माझ्याकडून."

त्यात त्याचा स्वार्थ होता. त्याची लेक याच वर्गात. लिहिण्यात पहिली, पण तोंड म्हणून उघडायची नाही. आई गेल्यापासून तर तिने कशाबद्दल हूं की चूं केलं नव्हतं. एवढं एक उद्दिष्ट राहिलं, तर पुढच्या वर्षी तिला पुन्हा खालच्या वर्गाबरोबर फ्रेंचला बसावं लागणार होतं. आपल्या घरात तरी ती बोलेल, असा बापाचा हिशेब. उत्तरादाखल त्याला फ्रेंचमधलं एकच वाक्य यायला हवं होतं : माफ करा, आत्ता दुसरं आणतो. ते लेकीने त्याला कागदावर लिहून दिलं होतं आणि त्याने ते घोकलं होतं. चुलीवरच्या सूपलाही आता ते पाठ झालं असावं.

पहिली पाळी लंबूची. त्याने टोस्टचा घास घेतला, उभा राहिला आणि दुसरा घास घेतला.

"बोल ना," बाई म्हणाल्या.

"बाई, टोस्ट झकास आहे. खोटं कसं बोलू?"

हॉटेलवाला पुढे झाला. "त्यात काय! खराब आणतो." आत जाऊन त्याने आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून टोस्ट करपवला. लंबूने तो उलटासुलटा करून पाहिला आणि फ्रेंचमध्ये खणखणीत तक्रार केली. हॉटेलवाल्याने आपलं वाक्य म्हटलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग काय, पोरांना चेव आला. "काका, माझ्या सरबतात साखर नको!" "माझा ग्लास फुटका द्या!" "काका, माझं टेबल डुगडुगू दे!" हॉटेलवाल्याने टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा काढून घेतला. एकीला चमचा मागितला तर काटा दिला, एकाला काहीच दिलं नाही. त्याच्या अंगात आलं होतं. गल्ल्याशेजारी बसून ही गंमत पाहणारे म्हातारबा, कुलपं दुरुस्त करणारे आणि रोज दुपारी इथेच सूप घेणारे, समोरच्या पाण्याच्या जगामागून हसत होते.

एवढी गर्दी पाहून बाहेरून एक टायवाला गृहस्थ आत शिरला. पूर्वी तो नेहमी यायचा. त्याने टोस्ट मागवला आणि घाईत त्याच्यापुढे गेला करपलेला.

"अहो मालक, हा टोस्ट आहे की कोळसा?"

"फ्रेंचमध्ये! फ्रेंचमध्ये!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि आधी नमस्कार म्हणा," बाईंनी सवयीने सांगितलं.

गृहस्थ गांगरून उभाच राहिला. शेजारच्या मुलीने कानात सांगितलं तसं म्हणाला बिचारा. टाळ्या पडल्यावर तर खूश होऊन त्याने टायची गाठ सैल केली.

शेवटी लेकीची पाळी आली. तिच्यापुढे खराब काही ठेवायला बापाचा हात होईना. त्याने शिजत ठेवलेल्या सूपची वाटी भरली आणि स्वतः तिच्यासमोर आणून ठेवली. हॉटेलचं नाव या सूपवर होतं.

"अहो, यात ती काय खोट काढणार?" बाई हळूच म्हणाल्या.

लेकीने एक चमचा घेतला. वर्ग थांबला. हॉटेलवाल्याच्या कपाळावर घाम आला. "बोल, बाळा. काहीही बोल. वाटल्यास चमचा वाकडा आहे म्हण."

ती उठली. बापाकडे न पाहता तिने फ्रेंचमध्ये सुरुवात केली. एक वाक्य, दुसरं, तिसरं. थांबेचना! बापाला अक्षर कळत नव्हतं, पण आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली तसं त्याने छाती पुढे काढून म्हटलं, "माफ करा, आत्ता दुसरं आणतो!"

टाळ्या पडल्या नाहीत. बाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"काय हो? चुकली का?"

"नाही. एकही चूक नाही."

"मग म्हणाली काय?"

लंबूला राहवलं नाही. "काका, ती म्हणाली, माफ करा, पण सूप खारट आहे. कालही होतं. रोज असतं. आधी बाबा मीठ घालतात, मग आईची चिमूटही तेच घालतात. आईचा हात लहान होता. बाबांचा मोठा आहे."

हॉटेलवाल्याने आपल्या पंजाकडे पाहिलं. उतरवण्याआधी शेवटची चिमूट बायकोची, हा या चुलीचा नेम होता, आणि तो त्याने मोडू दिला नव्हता. तो म्हातारबांकडे वळला. "तुम्ही तर रोज खाता! कधी बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? तू समोर उभा राहून विचारायचास, जमलंय का? तुझं तोंड बघून म्हणायचो, जमलंय. आणि पाण्याचा जग मागवायचो."

हॉटेलवाल्याने टायवाल्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही? रस्त्याचं काम चाललंय म्हणून येत नव्हता ना?"

"ते काम केव्हाच संपलं हो," टायवाला खाली मान घालून म्हणाला.

मग हॉटेलवाला फसकन हसला, खुर्ची ओढून लेकीसमोर बसला. "आणखी काय?"

"वेणी फार घट्ट घालता," ती म्हणाली. या वेळी आपल्याच भाषेत.

"आणखी?"

"बूट केव्हापासून चावतोय. शाळेत सोडायला येता तेव्हा सगळ्यांसमोर मोठ्याने गाता."

"पुरे, पुरे! उद्दिष्ट पूर्ण झालं," बाई घाईने म्हणाल्या.

"थांबा हो बाई, बोलू द्या तिला!"

ती बोलत राहिली. पोरांनी करपलेले टोस्टही फस्त केले. निघताना बाई दारात थांबल्या. "पुढच्या सत्राचं पहिलं उद्दिष्ट आहे, जेवणाचं मनापासून कौतुक करणे. इथेच घेऊ या का?"

हॉटेलवाल्याने पातेल्यावरचं झाकण उचललं, चमचाभर सूप चाखलं आणि डोळे घट्ट मिटले.

"घेऊ की बाई," तो पाण्याकडे हात करत म्हणाला, "पण मला आठवडाभर द्या."