तिसरं रूप माहेरी

तपासणी झाल्याशिवाय ज्ञान पूर्ण होत नाही. हे लक्षात घेऊनच आंजीकडच्या एका गावाने ‘इंग्रजीयुक्त गाव’ स्पर्धेत भाग घेतला. प्रत्येकाला सगळं व्याकरण येण्याची अट नव्हती (असती, तर परीक्षकही मिळाले नसते). म्हणून ग्रामसभेने शब्दांच्या जाती घरोघर वाटून दिल्या. ज्यांच्या दारावर नावाची पाटी, त्यांना नाम. सरपंचांना सर्वनाम, कारण सगळ्यांच्या ऐवजी तेच असतात. लग्नं जुळवणाऱ्या नत्थूजींना उभयान्वयी अव्यय. उरलेल्या कष्टाळू घरांना क्रियापदं, तिन्ही रूपांसह.

कमलाबाईंच्या घरी ‘ईट’ आलं, म्हणजे खाणं. पहिलं रूप मानाने नवरा बापूराव आणि मुलगा रत्नदीप यांना मिळून. दुसरं, ‘एट’, खुद्द कमलाबाईंना. तिसरं, ‘ईटन’, सून माधवीला. वाटणीवरून वाद झाला नाही. घरात जेवायला बसण्याचा क्रमही हाच होता. (सासू असेतोवर कमलाबाईही तिसरंच रूप होत्या. पण तेव्हा स्पर्धा नव्हती.)

एका दुपारी माधवीची पाळी येईस्तोवर भाजी संपली. माधवी काहीतरी बोलली, कमलाबाई त्याहून जास्त बोलल्या, आणि तिसरं रूप पिशवी घेऊन पवनारला माहेरी गेलं.

घराने मनावर घेतलं नाही. सून नसली तरी चालतं, असा बापूरावांचा अंदाज होता. पण तपासणीची तारीख लागली आणि क्रियापद लंगडं असल्याचं सरपंचांच्या ध्यानात आलं. एका माणसाने दोन रूपं सांभाळायची नाहीत, असा नियम होता. शेवटी कमलाबाईच बसमध्ये बसल्या.

“चाल वं माधवी. उद्या तपासनी हाय.”

“तुमाले सून पाहिजे का रूप पाहिजे?”

“दोन्ही. सरपंच रोज दारात येऊन राह्यला.”

“येतो. पन मले पह्यलं रूप पाहिजे. आन् ताटही पह्यलं.”

“अवं, मंग हे काय म्हनतीन?”

“मामाजीले तिसरं द्या. अवघड काई नाई त्यात. निस्तं थांबा लागते.”

कमलाबाईंना हसू आलं. त्यांनी ते पदरात दाबलं आणि माधवीची पिशवी स्वतः उचलली.

समिती ऐन जेवणाच्या वेळेला आली. माधवी ताटावर बसून म्हणाली, “ईट.” कमलाबाई घास गिळून म्हणाल्या, “एट.” पोळ्या वाढत उभे असलेले बापूराव आणि रत्नदीप एका सुरात म्हणाले, “ईटन.” समितीने शेरा दिला : ‘तिसऱ्या रूपाच्या उच्चारात अनुभव जाणवतो.’

गावाला ‘इंग्रजीयुक्त गाव’ अशी पाटी मिळाली. बापूरावांनी जुनी वाटणी परत मागितली.

“तपासनी पुन्हा येऊ शकते,” कमलाबाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात तयारी चालूच आहे.

समिती आता वाचकांच्या घरीही अचानक येणार असल्याचं कळतं. व्याकरणाची उजळणी नको. आज तुमच्याकडे भाजी कोणाच्या पाळीला संपली, एवढंच ती विचारेल. ठाऊक नसेल, तर पहिलं रूप तुमच्याकडे आहे.