सुभेदारांचा टॉवेल

"विमानतळावर काचेच्या मनोऱ्यात बसून चार माणसं जे काम करत्यात, ते मी एका टॉवेलवर करून दाखवतो!" सुभेदार आप्पासोंनी लग्नाच्या आदल्या दिवशी भर मांडवात जाहीर केलं. "पावणं मुहूर्ताआधी शाळेच्या मैदानात उतरलं न्हाई, तर ही मिशी काढून टाकीन!"

साऱ्या मांडवानं मिशीकडं बघितलं. ती मिशी साधी नव्हती. सैन्याच्या सिग्नल विभागातून आप्पासोंनी दोनच गोष्टी घरी आणल्या होत्या, पेन्शन आणि ती. तिची टोकं सायकलच्या हँडलसारखी वर वळलेली होती.

लग्न होतं त्यांच्या पुतणीचं, राजेश्वरीचं. नवरदेव जयराज साताऱ्याचा. त्यानं येण्यासाठी हेलिकॉप्टर ठरवलं होतं. आष्ट्याजवळच्या त्या गावात एसटीसुद्धा मनात आलं तरच थांबते, तिथं हेलिकॉप्टर! राजेश्वरीचे वडील केरबा हे ऐकल्यापासून जेवले नव्हते.

"आप्पा, पावण्यांना मोटारीनंच यिऊ दे की रं!"

"आणि उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकू दे? दादा, तुमी फकस्त अक्षता टाका. वरचं मी बघतो."

ट्रॉल्यांमागं अडकला तो हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस. जागेची व्यवस्था बघायला तो लग्नाच्या दिवशी सकाळीच निघाला होता. पण हंगाम कारखान्यांचा, त्यामुळं तो इस्लामपूरच्या अलीकडंच थांबून होता. आप्पासोंना त्याची फिकीर नव्हती. वैमानिकाशी त्यांचं आदल्या दिवशीच फोनवर बोलणं झालं होतं, तेही मिलिटरी हिंदीत.

"साब, कुत्रा, म्हैस, कुछ भी मैदान में आया, तो मैं सिर के ऊपर टॉवेल हिलाऊंगा. टॉवेल दिखा, उतरना नहीं!"

"और टॉवेल नहीं दिखा तो?"

"तो आ जाना. ओव्हर!"

इतका स्वच्छ नियम विमानतळावरही नसेल. त्यात एकच उणीव राहिली. तो आप्पासोंना माहीत होता, वैमानिकाला माहीत होता आणि गावाला माहीत नव्हता.

आता या गावात पाहुणा लांबून दिसला, की खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्यावर फिरवायचा, ही रीतच. सुट्टीवर आलेला जवान असो नाहीतर कुस्ती जिंकलेला पैलवान, टॉवेल फिरलाच पाहिजे! उत्तरेकडून भिरभिर आवाज आला, ठिपका दिसला, आणि मैदानाभोवतीच्या साऱ्या गावानं टॉवेल काढले.

"आलं रं आलं!"

हेलिकॉप्टर शाळेच्या कौलांपर्यंत आलं. दचकल्यासारखं थांबलं. आणि वर उठून निघून गेलं.

"आवं, चाललं की त्ये!" केरबा ओरडले.

"लाजतंय. नवीन हाय," आप्पासो म्हणाले. "बोलवा त्याला! जोरात हलवा!" आणि स्वतः ट्रॅक्टरच्या बॉनेटवर चढून त्यांनी असा टॉवेल फिरवला, की खालची दोन माणसं वाऱ्यानं बाजूला झाली.

हेलिकॉप्टर वळलं, डोकावलं, आणि आणखी वर गेलं. तेवढ्यात आप्पासोंच्या मोबाइलवर जयराजचा मेसेज आला, 'काका, खाली काय धोका आहे?'

आप्पासोंनी लिहिलं, 'धोका नाही. या.'

उत्तर आलं, 'पायलट म्हणतात, मेसेज एकाचा आहे, टॉवेल सगळ्या गावाचे आहेत.'

"आवं," आप्पासोंची बायको मंगल ट्रॅक्टरखालून ओरडली, "टॉवेल दिसला तर उतरू नगा, आसं काल तुमीच बोंबलत हुता न्हवं फोनवर?"

आप्पासोंचा हात हवेत थांबला. बाकीचे आप्पासो हळूहळू खाली बसले.

मग मात्र त्यांनी आज्ञा सोडली, "टॉवेल खाली! कुणी हात वर करायचा न्हाई! सावधान!" सारं गाव हात मांडीला चिकटवून उभं राहिलं. आकाशातून पाहणाऱ्याला वाटावं, कुणीतरी गेलंय आणि शोकसभा चाललीय.

हेलिकॉप्टर पुन्हा आलं. कौलांपाशी आलं. झेंड्याच्या खांबाएवढं खाली आलं. पण हेलिकॉप्टर तरंगतं ते हवा खाली ढकलून, आणि ढकललेली हवा कुठंतरी जाणारच. ती फेट्यांत शिरली. एक फेटा उडाला, दुसरा सुटला, आणि उरलेल्या साऱ्या गावानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फेटे गच्च धरले. धरलेल्या फेट्यांचे शेमले डोक्यावर फडफडू लागले, फडफड म्हणजे कशी, अगदी टॉवेलसारखी!

हेलिकॉप्टर गेलं ते ओढ्यापलीकडं दिसेनासं झालं.

ओढ्यापलीकडं केरबांचंच तोडलेल्या उसाचं रान होतं. तिथं खतासाठी मेंढरं बसवायला आलेला धुळा धनगर घोंगडं पांघरून बसला होता. मेंढरं पाण्यावर गेली होती. हेलिकॉप्टर डोक्यावर आलं तरी त्यानं हात बाहेर काढला नाही. वैमानिकाला दिवसभरात पहिल्यांदा शिस्तीचा माणूस दिसला. त्यानं तिथंच उतरवलं.

"घाबरला न्हाईस गड्या?" जयराजनं विचारलं.

"लय घाबरलो. म्हणून तर हललो न्हाई," धुळा म्हणाला. "बसा माझ्या मोटारसायकलवर मागं, सोडतो मांडवात."

मुहूर्ताला थोडा अवकाश होता. भटजी घड्याळ बघत होते, केरबा भटजींना बघत होते, आणि आप्पासो कुणाकडंच बघत नव्हते. एवढ्यात बांधावरून धुळाची मोटारसायकल येताना दिसली. मागं मुंडावळ्या बांधलेला नवरदेव!

"आलं! पावणं आलं!" गावाला भान राहिलं नाही. सगळ्यांचे टॉवेल डोक्यावर गेले. पहिला आप्पासोंचा.

लांबून जयराजचा आवाज ऐकू आला, "धुळा, टॉवेल! गाडी फिरव मागं!"

मोटारसायकल जागेवर गर्रकन वळली आणि धुरळा उडवत दिसेनाशी झाली. भटजींनी घड्याळ खिशात टाकलं.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. जयराजला आणायला राजेश्वरीच गेली, हात खाली ठेवून. आप्पासो अक्षता टाकायला आले ते तोच टॉवेल नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळून. मंगलनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि पदरात तोंड लपवलं.

त्या दिवसभरात त्यांनी टॉवेलनं केलेली ही एकच खूण साऱ्या गावाला न सांगता कळली.