दादारावजींनी केलेलं बाळंतपण

दादारावजी कुणाशी हात मिळवत नाहीत, हात तपासतात. तुमचा पंजा अंगठा आणि दोन बोटांत धरतात, जरासा चोळतात आणि सांगतात, "ओलावा हाय." पुलगावच्या एका जिनिंगमध्ये सारा जन्म कापसाची प्रत ठरवण्यात गेला, आता घरी बसले तरी बोटं ऐकत नाहीत. आमचे पापड, माझी नवी साडी, गल्लीत मुलगी बघायला आलेला नवरदेव, सगळ्यांची प्रत लागते. माझ्या यजमानांना त्यांनी एकदा तोंडावर 'फरदड' म्हटलं. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर उरल्यासुरल्या झाडांवर येणारा हलका कापूस. मी भांडायलाच निघाले होते, पण ते खोटं काय बोलले हे सांगता येईना.

नाचणगावात आमची आणि त्यांची भिंत एक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, वर्षा, यवतमाळला दिलेली. यंदा तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत, पण विहीणबाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "घरात बाईमाणूस नाई. तिथं बाळंतपण कोण करन?" दादारावजी "बराबर हाय" म्हणाले, फोन ठेवला आणि अंगण झाडायला लागले. तिकडे वर्षा माझ्याजवळ फोनवर रडली, तिला यायचंच होतं. पण बाप भांडेल तर शपथ!

त्याच आठवड्यात त्यांच्या मागच्या खोलीत शेतातून आणून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर एक भटकी मांजर व्याली. चार पिल्लं. दुसऱ्या दिवशी कापूस न्यायला व्यापाऱ्याची गाडी आली, तर हे दार अडवून उभे. "बाळंतीण हाय आत. सव्वा महिना हलवाची नाई."

"कोण बाळंतीण?" व्यापारी दचकला. दादारावजी एकटे राहतात हे त्याला ठाऊक. गाडी रिकामी गेली आणि मग गावात काय काय चर्चा झाली, ते मी इथे लिहीत नाही.

पुढचा ताप मला झाला. सकाळी भिंतीवरून हाक, "वहिनी, डिंक तुपात तळाचा का नुसता भाजाचा?" दुपारी, "वहिनी, धुरी कशाची देता? ओव्याची का बाळंतशोपाची?"

"अहो भाऊजी, मांजरीला कसली धुरी! पिल्लांचा जीव जाईल!"

"नाई देत. इचारून ठेवलं फक्त."

खोलीच्या दाराला त्यांनी जुनं लुगडं लावून आडोसा केला. दुधानं मांजरीचं पोट बिघडतं असं मी म्हटल्यावर दूध बंद केलं. रोज गळ्यातली तुळशीमाळ काढून खुंटीला लावायची, अंगणातल्या चुलीवर अंडं उकडायचं, तिला खाऊ घालायचं, आंघोळ करायची, पुन्हा माळ घालायची. पिल्लांना हात लावू नका, ती उचलून दुसरीकडे नेईल, असं मी बजावलं होतं. त्यांची बोटं नुसती वळवळायची. पण लावला नाही हो, एकदाही.

डिंकाचा लाडू मांजरीनं हुंगला आणि पाठ फिरवली. तो घाणा आमच्या यजमानांनी खाल्ला आणि त्यांची दाढ हलली. तरी हा माणूस पुन्हा डिंक तळतोय! "ती खात नाही, मग कुणासाठी चाललंय हे?" मी खेकसले.

"हात बसला पायजे," एवढंच उत्तर.

मग एक दिवस माझ्या नातीची बाहुली मागून नेली. संध्याकाळी परत आणायला गेले तर दादारावजी न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसलेले, बाहुली पायांवर पालथी, आणि वरून कोमट पाणी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चेष्टा ओठांवर आली होती, ती गिळली. बाळाची मान कशी धरायची तेवढं दाखवलं आणि बाहुली तिथेच ठेवून आले.

पिल्लं ढिगावरून घरंगळत खाली यायला लागली, तेव्हा ते आमच्या ओट्यावर आले, बसले, विहीणबाईंना फोन लावला.

"बाळंतपण करता येते मले. एक केलं आत्ताच. चार झाले, चारही खुशाल हायेत."

"चार? कोणाले?" पलीकडून किंचाळणं मलाही ऐकू आलं.

दादारावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

"मांजरीले," ते म्हणाले. "हसा तुमी. पण वर्षाची माय असती तं तुमी नाई म्हटलं असतं का? माय नाई म्हणून पोरीले माहेरच नाई, हे मले सहन नाई होऊन राह्यलं."

पलीकडे विहीणबाईंनी वर्षाला हाक मारली. मग म्हणाल्या, "न्या तुमी. घ्या, तिच्याशीच बोला."

"बाबा," वर्षाचा आवाज आला, "मले घ्याले कवा येता?"

दादारावजींनी फोन माझ्या हातात कोंबला आणि दुपट्ट्यात तोंड लपवलं.

"उद्या," मी म्हटलं. "उद्या सकाळीच येतात, बाई."