बोरमाळेचा द्रवणांक

विज्ञान शिकवावं तर मीच, असं मी बारामतीत कुणालाही छातीठोकपणे सांगतो. वीस वर्षं शाळेत हाच विषय घेतोय. त्यामुळे सातवीतल्या पिंकीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, "पप्पा, विलयन म्हणजे काय?" असं विचारलं, तेव्हा मी तिला आधी पुस्तक मिटायला लावलं.

"घट्ट पदार्थ तापला की पातळ होतो. आपण वितळणं म्हणतो, पुस्तक विलयन म्हणतं. आता प्रत्यक्षच बघ."

मेणबत्ती लावली. चमच्यातलं लोणी लगेच वितळलं. मेण तर आपणहून ओघळत होतं.

"आणि सोनं?"

"त्याला हजार अंशांच्या वर उष्णता लागते. मेणबत्तीनं त्याला काही होत नाही. दाखवतो."

माझी बायको शालन बांगड्या भरायला गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचं लग्न, म्हणून लग्नात माहेरून मिळालेली सोन्याची बोरमाळ तिनं कपाटातून काढून ठेवलेली. मी चिमट्यानं त्यातला एक मणी ज्योतीवर धरला.

मणी पिचकला. भोकातून काळपट लाल रस टपकला! हे सोनंच नव्हतं. सासऱ्यांनी मला लग्नातच फसवलं होतं!

तडक डाळजला सासऱ्यांना फोन लावला.

"जय भीम, जावईबापू," कचरूतात्या म्हणाले. मागे मांडवाची ठोकाठोक चालू होती.

"तात्या, तुमची बोरमाळ खोटी निघाली. वितळली."

तात्या एवढंच म्हणाले, "आलो."

दीड तासात ते दारात हजर. सोबत हळद लागलेला नवरदेव आणि माळ घडवणारा म्हातारा सोनार. त्याच्या सदऱ्याची दोन बटणं तुटलेली. मागोमाग शालन आली आणि मणी बघून तिनं कपाळाला हात लावला.

सोनारानं मणी निरखला. "मास्तर, बोरमाळेच्या मण्यात लाख भरलेली असती. वरनं सोन्याचा पातळ पत्रा. ज्योतीवर धरल्यावर लाख वितळणारच की. सोनं हाय तसं हाय."

"हे समद्या बायकांना ठावं हाय," शालन म्हणाली. "इचारायचं तरी मला."

"म्या भर बाजारात यांची गचांडी धरली, जावईबापू," तात्या खाली बघत म्हणाले.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी दोघांचीही माफी मागितली.

लग्नात बातमी माझ्याआधी पोचली होती. मी दिसलो की जी ती बाई पदर गळ्याभोवती ओढून घेत होती. सगळ्यात घट्ट ओढला होता तो शालननं.